विरजणाची वाटी

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

माझं घर, माझं टेबल, आणि कालपरवाची एक पोर मला हात धुवायला सांगत होती. एरवी असलं काही मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. पण तिचं तोंड बघितलं आणि मुकाट्यानं मोरीकडं गेले. साबण लावून, कोपरापर्यंत धुतले. परत आले तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती आणि मांडीवर थर्माकोलचा डबा होता. त्यातल्या बर्फात हात घालून तिनं एक इवलीशी प्लॅस्टिकची बाटली काढली. आत पिवळसर पांढरा गोठलेला गोळा. बाटलीला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं, बेबी ऑफ गौतमी आवटी, तारीख, पहाटे चार दहा.

"चाळीस मिली आहे," ती म्हणाली. "एवढंच."

"पुष्कळ झालं की. लॉकेटला दहा मिलीसुद्धा पुरतं."

"तसं नाही म्हणत मी, ताई. सांडलं, नासलं, तर दुसरं नाही, असं म्हणते."

याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा जयसिंगपुरात आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर रेझिनचे दागिने करायची. अजूनही करते. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन पातळ रसायनं. मापात मिसळून साच्यात ओतली की दिवसभरात काचेसारखी घट्ट होतात, आणि आत जे ठेवाल ते तिथंच राहतं. मोबाईलवर बघून बघून शिकले. आधी रंगीत कानातली आणि किल्ल्यांना लावायची अक्षरं केली, मग लोक आठवणींच्या वस्तू घेऊन यायला लागले. लग्नातल्या हाराच्या पाकळ्या, बाळाचं जावळ, नाळेचा वाळलेला तुकडा. शेवटी आलं आईच्या अंगावरचं दूध. दूध मंद वाफेवर सुकवायचं, त्याची भुकटी करायची आणि ती रेझिनमध्ये कालवून मोत्यासारखं लॉकेट ओतायचं. अशी अकरा लॉकेटं माझ्या हातून गेली होती आणि अकराही बायका खूश होत्या. मला जरा चढलंच होतं म्हणा ना.

माझ्या सासूबाईंना, आत्तींना, या धंद्याची मोठी गंमत वाटायची. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. "आज कुणाचं काय आलं गं? केस का नखं?" असं विचारत त्या टेबलाशी यायच्या आणि चष्मा पुसून पुसून बघायच्या. पण हात कशालाही लावायच्या नाहीत. फ्रिजमध्ये माझा लाल झाकणाचा एक डबा होता, त्याच्याकडं तर बघायच्यासुद्धा नाहीत. "त्यात सुनेची दौलत हाय," म्हणायच्या.

त्या दिवशीही आल्या. गौतमीला बघून म्हणाल्या, "पोरी, पाणी पिलीस का? बाळ कुणापाशी ठेवून आलीस?"

गौतमीनं वर बघितलं नाही. "बाळ नाही, आजी. एकोणीस दिवसांचा होऊन गेला."

आत्ती मटकन खाली बसल्या. मी उगाच वजनकाटा पुसत राहिले. मग तिनंच सांगितलं, एखादा अर्ज वाचून दाखवावा तसं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालेला मुलगा, वजन नऊशे ग्रॅम. मिरजेच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता. कावीळ होती म्हणून सारखा निळा दिवा. डोळ्यांवर पट्टी. हिनं दर तीन तासांनी दूध काढून द्यायचं, नर्सनं बाटलीवर चिकटपट्टी लावायची. नळीनं दोन थेंब घालून बघायचे, ते पोटात टिकायचे नाहीत, परत बाहेर. मग बाटल्या नुसत्या फ्रिजमध्ये साठत गेल्या.

"तो गेल्यावर सगळ्या बाटल्या आमच्या हातात दिल्या. सासूबाईंनी पिंपळाच्या बुडाशी ओतून टाकल्या. मागं काही ठेवू नये म्हणे, जीव घुटमळतो. ही एक मी पर्समध्ये टाकली."

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. आईकडं जाते म्हणून मिरजेहून निघाले." तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं, ताई. फोटो काढू दिला नाही. जावळ नाही, कपडे नाहीत, पायाचा ठसा नाही. त्याच्यासाठी म्हणून जगात काय उरलंय, तर हे."

"एक थेंब वाया जाणार नाही," मी म्हटलं. छातीवर हात ठेवून म्हटलं, अगदी सिनेमातल्यासारखं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रंग कुठला हवा म्हणून मी रंगांच्या डब्या पुढं मांडल्या. गुलाबी, मोरपंखी, सोनेरी वर्ख. तिनं एकेक उघडून बघितली आणि निळ्या डबीवर बोट ठेवलं. "कड या रंगाची करा. तो मला कायम निळ्या उजेडातच दिसला."

ती गेल्यावर आत्ती कितीतरी वेळ तिथंच बसून होत्या. "नऊशे ग्रॅम," म्हणाल्या. "म्हंजे किलोलासुद्धा कमी. काय गं देवा." आणि पदर डोळ्यांना लावला.

बाटली आठ दिवस बर्फाच्या कप्प्यात होती. आधीची कामं संपवून मी तिचं काम हातात घेतलं. गोठलेलं दूध एकदम तापवायचं नसतं, फाटतं. आदल्या संध्याकाळी वाटीत काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि सावकाश पातळ होऊ द्यायचं. शिवाय माझा स्वतःचा एक नियम होता, अर्धं वापरायचं आणि अर्धं राखून ठेवायचं, म्हणजे काही बिघडलं तर हाताशी असतं. पण हा सगळा एकच गोळा होता. अर्धा तोडणार कसा? म्हटलं, उद्या पातळ झाल्यावर अर्धं काढून ठेवू.

आणि नेमका लाल झाकणाचा डबा भरलेला. त्यात कोल्हापूरच्या कुठल्याशा नवरीच्या हाराची फुलं वाळत घातली होती. ती काढून ठेवायचा मला आला कंटाळा. खरं कारण एवढंच आहे, कंटाळा. मांडणीवरची पहिली वाटी हातात आली ती घेतली, वर ताटली झाकली आणि फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी ठेवून दिली.

ती आमच्या घरातली विरजणाची वाटी होती. काठाला पोचा आलेली, आत्तींच्या माहेरची. रोज रात्री उरलेलं दूध त्याच वाटीत जायचं, तीस वर्षं जात होतं.

सकाळी सातला उठून आले तर ओट्यावर वाटी घासून पालथी घातलेली. आत्ती खिडकीपाशी बसून कपातला शेवटचा घोट घेत होत्या.

"आत्ती, या वाटीतलं दूध कुठाय?"

"अगं, गवळी आला न्हाई आज. म्हैस व्याली वाटतं त्याची. वाटीत एवढंसं होतं, त्याचाच कपभर च्या केला. तुला उठवलं न्हाई, म्हटलं झोपू दे."

"सगळं?"

"कपभर च्याला आणि किती लागतंय? पर काय सांगू तुला," असं म्हणून त्या हसल्या, "मी मेली बिनसाखरेचा पिणारी, आज गोड लागला बघ. इतका गोड च्या कितीतरी वर्षांनी पिले. कुठल्या म्हशीचं गं ते?"

आत्तींना साखरेचा आजार होता, दहा वर्षं त्यांनी चहात साखर घातली नव्हती.

"म्हशीचं नाही," मी ओरडले. "त्या पोरीचं होतं ते! मिरजेच्या! काय करून बसलात तुम्ही?"

चूक माझी आणि ओरडत होते त्यांच्यावर. कपात बघितलं, तळाला चहाचा गाळ. पातेलं बघितलं, तेही विसळलेलं. बाटली मी आदल्या दिवशीच कोमट पाण्यानं धुऊन टाकली होती. कुठं बोटभरही उरलं नव्हतं. मी वेड्यासारखी वाटी हातात घेऊन उजेडाकडं धरून बघत होते.

आत्ती उठल्या, मोरीत गेल्या, वाकल्या. घशात बोटं घालणार तेवढ्यात थांबल्या. तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"न्हाई," म्हणाल्या. "ओकलं तर ते बी मोरीतच जाणार. तिचं आजवर सगळं वायाच गेलंय."

मग बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. चेहरा पांढराफटक. "लेकराचं होतं गं ते. मी म्हातारी पिऊन बसले. फोन लाव तिला. मी सांगते."

"मी सांगते. तुम्ही मध्ये पडू नका."

मी फोन लावला, हे मात्र खरं. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिनं उचलला.

"ताई? झालं का? कसं दिसतंय?"

"गौतमी, ते काय झालंय..."

"ताई, ऐका ना. तुमच्याकडं बाटली दिल्यापासून मला झोप लागायला लागलीय. काल पोटभर जेवले. आई म्हणाली, आज माणसात आलीस. तुमचे फार उपकार आहेत, ताई." आणि मग घाईघाईनं, "तुम्ही काय सांगत होता?"

आत्ती माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काही नाही," मी म्हटलं. "छान सुकतंय, एवढंच सांगायला केला होता."

फोन ठेवला. आत्तींनी कपाळाला हात लावला. "काय केलंस हे?"

"तिनं जिवाचं बरंवाईट केलं असतं, आत्ती!"

"केलं असतं का तुला तोंड दाखवायला लाज वाटली असती?"

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची दूध पावडरची पुडी आणली. टेबलावर सपाटी बघून साचा ठेवला, रेझिन कालवलं, पावडर मिसळली. आत्ती दारात उभ्या राहून बघत होत्या.

"त्यात काय घालतीस?"

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. तोंडातून अक्षर काढायचं नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. शपथ त्यांनी मोडली नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला, दूध सोडलं, दही सोडलं. कुणी विचारलं तर पित्त होतं म्हणायच्या.

आणि लॉकेट? खोटं कशाला बोलू, माझ्या हातून आजवर इतकं देखणं लॉकेट झालं नव्हतं. एक बुडबुडा नाही. मधे चांदण्यासारखा पांढरा थेंब आणि भोवती निळी कड. त्याच्याकडं बघून मला स्वतःचाच राग आला, पण घासून, चकाकी आणून डबीत ठेवलंच.

गौतमी चार दिवसांनी आली. केस विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी. मी डबी पुढं केली. या खेपेला तिनं स्वतःच मोरीत जाऊन हात धुतले आणि मग डबी घेतली. उघडली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"इतकं पांढरं?" ती हळूच म्हणाली. "माझं जरा पिवळट होतं."

"सुकल्यावर रंग उडतो," मी म्हटलं. "हळूहळू येतो परत." कुठून सुचलं कुणास ठाऊक.

"हो का?" तिनं विश्वास ठेवला. तिला ठेवायचाच होता. लॉकेट तिनं दोन्ही हातांत घेतलं, ओठांना लावलं, मग गालाला. डोळे मिटले. आणि माझ्या देखत तिचा ब्लाऊज भिजायला लागला. आधी रुपयाएवढा डाग पडला, मग तळहाताएवढा. दोन्ही बाजूंनी. तिला कळलं तेव्हा तिनं घाबरून पदर ओढून घेतला.

"अगं बाई! गोळ्या घेतल्या होत्या मी. बंद झालं म्हणाले होते डॉक्टर." ती रडत होती आणि हसतही होती. "याला बघून आलं, ताई. बघा ना, याला बघून आलं."

दहा रुपयांच्या पुडीला बघून.

"टॉवेल आणते," म्हणून मी आत पळाले. स्वयंपाकघरात आत्तींनी माझं मनगट पकडलं. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अजून येतंय तिला," त्या कुजबुजल्या. "स्वरूपा, अजून येतंय. आत्ता सांग. पाय धर तिचे, वाटीभर मागून घे आणि खरं करून दे. देवानं दार उघडलंय बघ तुझ्यासाठी."

"वेड लागलंय का? हातातलं काढून घेऊ तिच्या?"

"खोटं हाय ते!"

"तिला खरं वाटतंय ना? मग झालं."

त्यांनी हात सोडला. मी टॉवेल घेऊन बाहेर आले. त्या वेळी दोन वाक्यं बोलायची होती, फार नाही. ती रागावली असती, कदाचित भांडी फेकली असती, पण तिच्या गळ्यातल्या लॉकेटात तिचंच दूध गेलं असतं. ते अंगावर होतं तिच्या, माझ्यासमोर वाहत होतं, मी टॉवेलनं टिपलं आणि टॉवेल धुवायला टाकला.

निघताना आत्ती कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन आल्या. तिची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं. आणि मग सहासष्ट वर्षांच्या त्या बाईनं खाली वाकून त्या पोरीच्या दोन्ही पावलांवर डोकं टेकलं.

"आजी! अहो, हे काय!" गौतमी दोन पावलं मागं सरली. "मी किती लहान आहे तुमच्यापेक्षा!"

आत्ती उठेनात. मी पुढं होऊन त्यांना दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, "त्यांना चक्कर येते मधूनमधून." आत्तींनी माझ्याकडं बघितलं. शपथ होती, म्हणून गप्प राहिल्या.

ती गेल्यावर मात्र बोलल्या. "ज्या बाईचं दूध पिलो ती आई. मी तिच्या पोटची झाले, तुला पटो न पटो."

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. कसल्या विसरतात! दर महिना-पंधरा दिवसांनी विचारायच्या, "आई कशी हाय माझी? फोन आला का?" मी चिडायची. तीन वर्षांनी गौतमीला मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा डोळ्यांनी धड दिसत नसताना त्यांनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली आणि डिंकाचे लाडू वळले. "माझी धाकटी भैण झाली," म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. ते सगळं मी माझ्या नावानं मिरजेला पाठवून दिलं.

दोन वर्षांपूर्वी आत्तींची किडनी गेली. घरीच ठेवलं होतं. शेवटचे तीन दिवस शुद्ध यायची-जायची. डोळे उघडले की एकच विचारायच्या, "आई आली का? दार उघडं ठेव. गळ्यात निळं हाय बघ तिच्या."

माझे मिस्टर म्हणायचे, "आजीला बोलावतेय." त्यांची आजी जाऊन चाळीस वर्षं झाली होती. गौतमीचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो काढला, बघत राहिले आणि मोबाईल परत ठेवला. बोलावलं असतं तर आत्ती सगळं बोलल्या असत्या. शुद्ध हरपलेल्या माणसाला शपथ कुठली लक्षात राहणार? दुपारी तीनला त्या गेल्या. दार उघडंच होतं.

गेल्या मार्गशीर्षात गौतमी अचानक दारात आली. अंगानं भरली होती, हातात मुलीच्या शाळेची पिशवी. गळ्यात लॉकेट.

"बघा ना, ताई," आत येता येताच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता तसंच झालं!"

लॉकेट पिवळं पडलं होतं. हा रेझिनचा दोष आहे. ऊन, घाम लागला की काही वर्षांनी पिवळं पडतं, गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात. कडेचा निळाही हिरवट झाला होता. आणि ही माझ्यापुढं आनंदानं ते नाचवत होती.

"पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, हे माझं नाहीच. रात्रंदिवस मनात यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, तुमच्यासारख्या माणसावर संशय घेते म्हणून. आता बघा. अगदी असाच रंग होता. अगदी अस्सा." मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "आजी कुठायत? दुपट्यातले टाके त्यांचेच होते ना? मला कळलं होतं."

मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं.

ती जाऊन फोटोसमोर उभी राहिली. "मला कळवायचं तरी, ताई." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या माझ्या पाया पडल्या होत्या. आठ वर्षं झाली, मला अजून कळलं नाही, का पडल्या?"

तिच्या पाठीकडं बघत मी सगळं सांगितलं. एका दमात. वाटी, गवळी, चहा, दहा रुपयांची पुडी, टॉवेल. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगू शकले, एवढीही माझी हिंमत.

ती वळली नाही. मला वाटलं, आता ओरडेल. आता येऊन कानाखाली देईल. देवा, दे म्हणावं एकदाची.

"सगळं प्याल्या?" तिनं विचारलं.

"हो."

"टाकलं नाही?"

"नाही. ओकायला गेल्या होत्या. पण वाया जाईल म्हणून थांबल्या."

"काय म्हणाल्या? पिताना काय म्हणाल्या?"

"गोड लागला म्हणाल्या. साखर न घालता. इतका गोड चहा कितीतरी वर्षांनी प्याले म्हणाल्या."

तिचे खांदे हलायला लागले. "एकोणीस दिवस," ती म्हणाली. "दर तीन तासांनी. एक थेंब त्याच्या पोटात राहिला नाही. मला कायम वाटायचं, माझं दूध कुणाच्याच अंगी लागलं नाही. कुणाच्याच." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "आणि शेवटी? शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. नाही बोलले.

"तुम्हाला बोलावत होत्या. आई आली का म्हणून विचारत होत्या. तीन दिवस."

आता ती वळली. डोळे कोरडे झाले होते.

"मिरज इथून किती लांब आहे, ताई?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. गळ्यामागं हात नेऊन साखळीची कडी काढली आणि लॉकेट टेबलावर ठेवलं, गिऱ्हाइकानं पसंत न पडलेली वस्तू ठेवावी तसं. मग परत फोटोपाशी गेली. आत्तींच्या सुरकुतलेल्या गालांवरून, काचेवरून, दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, तान्ह्या लेकरावरून मोडतात तशी. कडाकडा मोडली सगळी.

शाळेची पिशवी उचलून ती निघून गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि मीही तिला थांबवलं नाही.